आत्यानं ठेवलेलं आडनाव

आमच्या आत्याला नवा माणूस भेटला की ती आधी त्याचं नाव विचारायची, मग त्या नावाचा अर्थ विचारायची आणि मगच त्याला पाणी द्यायची. देवी टोचायला आलेल्या डॉक्टरला तिनं असंच दारात धरलं होतं. त्यानं नाव सांगितलं, अशोक.

"म्हंजी काय?"

डॉक्टर बिचारा साताऱ्याचा, शिकलेला. म्हणाला, "ज्याला शोक नाही तो."

आत्यानं त्याच्या हातातल्या सुईकडं बघितलं, मग त्याच्या मागं गळा काढून रडणाऱ्या पोरांच्या रांगेकडं बघितलं. "व्हय तर. सगळा शोक हितं वाटून टाकलासा, मग तुमच्याजवळ कसा ऱ्हाईल?"

डॉक्टर हसला म्हणून बरं. सगळेच हसायचे असं नाही. मतं मागायला आलेल्या एका पुढाऱ्याला स्वतःच्या नावाचा अर्थ सांगता आला नाही, तर त्याच्या तोंडावर म्हणाली, "आपल्या नावात काय हाय त्ये म्हाईत न्हाई, आन् आमच्या गावात काय पायजे त्ये सांगाय आलायसा." पुढारी पाणी न पिताच गेला. तिनं दिलंच नव्हतं.

तिचं स्वतःचं नाव नकुसा. आमच्या सातारा जिल्ह्यात या नावाचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. मुलींच्या पाठीवर मुलगी झाली की तिचं नाव नकुसा ठेवायचे. नको झालेली. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो म्हणे. आणि आत्याच्या पाठीवर खरंच मुलगा झाला. ते माझे वडील, आबा. त्यामुळं तिच्या नावाचं घरात फार कौतुक. आत्या म्हणायची, "माझं नाव लागू पडलं, म्हनून तुझा बाप जल्मला. नकुसा हे नाव न्हवं, औषध हाय. आता औषधाच्या बाटलीला कुनी हाका मारतं का? मला मारत्यात."

हे ती हसत सांगायची. मीही पुष्कळ वर्षं हसत ऐकलं.

मी मॅट्रिक पास झाले तेव्हा ती मला औंधच्या यमाईला घेऊन गेली होती. डोंगराच्या पायऱ्या चढताना दम खायला टेकलो, तेव्हा खालच्या गावाकडं हात करून म्हणाली, "त्या अंगाला माझं सासर हुतं. तिथं माझं नाव सगुणा ठिवलेलं." लग्नात नवऱ्यामुलीचं नाव बदलायची रीत आहे, तशी तिलाही नवं नाव मिळालं होतं. मी अर्थ विचारला. "गुनाची," ती म्हणाली. "पन सगुणा म्हनून हाक आली की मी मागं वळून बघायची गं. म्हनायचं, कुनाला बोलावत्यात? सवय व्हायच्या आतच मालक तापानं गेलं." सासरच्यांनी माहेरी आणून सोडली. सगुणा तिथंच राहिली आणि घरी आली ती नकुसाच. एवढं सांगून ती उठली आणि माझ्या पुढं पायऱ्या चढायला लागली. हे नाव तिनं दुसऱ्या कुणाला सांगितल्याचं मला माहीत नाही.

दुष्काळात आख्खा माण तालुका रस्त्यावर खडी फोडत होता. आई आणि आत्या दोघी जायच्या. मुकादम हजेरी घेताना "नकुसा" म्हणून ओरडला की तीन-चार ठिकाणांहून एकदम "हाय" यायचं. मुकादम वैतागला. "आरं किती नकुसा हायती हितं?"

"आमास्नी काय इचारताय?" आत्या म्हणाली. "आमच्या बापास्नी इचारा."

त्याच कामावरच्या एका बाईला मुलगी झाली. तिसरी. बारसं कामावरच, लिंबाच्या झाडाला झोळी बांधून करायचं ठरलं. नाव काय ठेवणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाळण्यातल्या लेकराच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे बापाच्या बहिणीचा. आमची आत्या हातोडी ठेवून उठली. "हिची आत्या कुठाय?"

"लांब दिलीया. न्हाई आली."

"मग आज मी," असं म्हणून कुणी काही बोलायच्या आत ती वाकली, लेकराच्या कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगून मोकळी झाली. तारा. मग ती मुलीच्या बापाला म्हणाली, "अर्थ कळला न्हाई तर अंधार पडल्यावर वर बघ."

आमच्या घरात तर हा मान तिचाच. माझं नाव ठेवायच्या आधी ती शेजारच्या गावच्या मास्तरांकडं चालत गेली होती. त्यांनी पाच-सहा नावं सांगितली, तिनं प्रत्येकाचा अर्थ विचारला आणि 'विमल' घेऊन आली. निर्मळ. हाक मात्र जन्मभर 'इमल' म्हणूनच मारली. मी आमच्या वाडीतली पहिली बी.ए. मुलांत धरूनही पहिली. हे मी स्वतःच सांगते, कारण वाडीत अजून पुष्कळांना ते सांगायचं सुचत नाही. आत्याला सुचायचं. दळण घेऊन गिरणीत गेली तरी पीठ पडेपर्यंत तिनं ते दोघा-तिघांना सांगितलेलं असायचं.

अशा या बाईनं आयुष्यात एकदाच अर्थ न विचारता नाव ठेवलं. खरं म्हणजे विचारला होता. उत्तर मिळालं नव्हतं.

माझा थोरला भाऊ जन्मला तेव्हा मोठी लढाई संपून आबा इटलीहून घरी आल्याला वर्ष झालं होतं. तिथं त्यांच्या मांडीत गोळी लागली होती. कोरड्या ओढ्यात, तापलेल्या दगडांवर ते पडून होते. त्यांच्या पलटणीचा एक साहेब वाकून खाली आला, आपल्या बाटलीतला राहिलेला घोट त्यानं आबांच्या तोंडात ओतला आणि त्यांना पाठुंगळी मारून मागं आणलं. पुढच्या चढाईला तो साहेब गेला तो परत आला नाही. ब्रेनन त्याचं नाव. आयर्लंडचा होता, एवढंच आबांना माहीत.

गेलेल्या माणसाचं नाव घरात जन्मलेल्या पोराला ठेवायचं, ही आमची रीत. माणूस त्या वाटेनं घरात परत येतो म्हणतात. आबा पाळण्याजवळ येऊन म्हणाले, "अक्का, त्या सायबाचं नाव आपल्या घरात ऱ्हाऊ दे."

"म्हंजी काय रं त्या नावाचं?"

"मला काय ठावं? गोळ्या सुटल्यावर सायबाला कोन अर्थ इचारत बसतंय? पन मानूस चांगला हुता."

आई सांगायची, आत्या बराच वेळ पाळण्याची दोरी धरून नुसती उभी होती. पण भाऊ लढाईतून जिवंत परत आलेला, त्याला नाही म्हणणं तिला जमलं नाही. ती वाकली. नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बाकीच्या बायकांनी धपाटे घालायचे असतात, ते पडले. धपाट्यांच्या आवाजात तिनं तो कधी न ऐकलेला शब्द लेकराच्या कानात घातला. लेकरू शिंकलं. सगळ्या बायका हसल्या, आत्या हसली नाही.

माणातल्या वाडीत ब्रेनन हे नाव कुणाच्या तोंडात बसणार? कुणी बिरनन म्हणायचं, कुणी बेनन. दादा पुढं एस.टी.त ड्रायव्हर झाला. तो म्हणायचा, "डेपोत पाच बाळू हायती. एकानं गाडी घासली की पाचीजणास्नी बोलावनं येतं. माझ्या नावाचा दुसरा न्हाई. माझी गाडी मीच घासायची, माझी बोलनी मीच खायची." नावाचं त्याला कधीच ओझं वाटलं नाही. ओझं आत्याला होतं. दादा झाडावरून पडून हात मोडून घेऊन आला तेव्हा, मॅट्रिकला नापास झाला तेव्हा, आणि त्याची एक सोयरीक ठरता ठरता फिसकटली तेव्हाही ती एकच बोलली, "कुनाला ठावं, मी ह्याच्या कानात काय घालून बसलेय."

तिची भीती साधी होती. तिच्या कानात जे घातलं गेलं होतं ते तिनं जन्मभर वागवलं. तेच आपण आपल्या हातानं भावाच्या लेकराला केलं असलं तर? आबाही तोवर वारले होते. विचारायला कुणी उरलं नव्हतं.

मग तासगावकडचं स्थळ आलं. मुलीचं नाव लता. मुलगी चांगली, दादाच्या मनात भरलेली. तिला वडील नव्हते, सगळा कारभार मामांच्या हातात. मामांची नवी द्राक्षबाग होती आणि ते बोलताना मधूनमधून त्या बागेत जाऊन यायचे. याद्या झाल्या, सुपारी फुटायची वेळ आली, आणि मामांनी पत्रिकेचं काढलं.

"चिरंजीवच्या पुढं काय छापायचं? ह्ये नाव वाचून लोकं म्हनत्याल, मामानं पोरगी ख्रिस्ती घरात दिली. बरं लोकांचं सोडा. आमच्या पोरीनं उखाण्यात ह्ये नाव बसवायचं कसं?"

"मग काय म्हननं हाय?" आत्यानं विचारलं.

"बदला की. भरत करा. लग्नात पोरीचं नाव बदलतोयच, ह्या बारीला नवरदेवाचंबी बदलू. त्यात काय एवढं?"

बैठकीतली माणसं हसली. मामा हसले नाहीत. त्यांनी पुढं सरळच सांगितलं, की नाव बदलणार असलात तरच सुपारी फोडू. दादा सतरंजीचा दोरा ओढत बसला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "आत्यानं ठिवलंय. आत्या म्हनंल तसं."

सगळ्यांनी आत्याकडं बघितलं. ती दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. म्हणाली, "पावनं, कानात घातल्यालं नाव जिनं घातलं तीच काढती. दुसऱ्या कुनाला त्ये येत न्हाई. तवा काढायचं का न्हाई ते मी सांगते. पन तुमास्नी नाव आवडत न्हाई म्हनून न्हाई काढायची. त्येचा अर्थ काढू. वाईट निघाला तर तुमच्याम्होरं ह्याच्या दुसऱ्या कानात मी भरत म्हनते. चांगला निघाला तर हाय त्येच छापायचं. येत्या सोमवारी या."

"आन् अर्थ काढनार कोन?"

"ही. सांगलीला शिकती. बी.ए. हाय."

"अजून व्हायची हाय, आत्या," मी म्हणाले.

"हुईल," ती पाहुण्यांना म्हणाली.

मामा गेल्यावर तिनं मला परसात नेलं. माझा दंड धरला. "इमल, जे निघंल ते सांगायचं. मला बरं वाटावं म्हनून काय रचून आनायचं न्हाई. मी पोराचं वाईट केलं आसलं तर मला कळू दे. मरायच्या आधी काढून तरी टाकते."

सांगलीला आल्यावर मी आधी आमच्या इंग्रजीच्या सरांना गाठलं. ते म्हणाले, "विशेषनामाला अर्थ नसतो, मुली."

मी म्हणाले, "सर, तुमचं नाव श्रीधर. त्याला आहे की."

सर हसले आणि त्यांनी मला मिरजेच्या रस्त्यावरच्या एका छोट्या चर्चचा पत्ता सांगितला. तिथं एक म्हातारे फादर राहायचे, मूळचे आयर्लंडचे. चाळीस-एक वर्षं इकडं काढलेली. दुसऱ्या दिवशी वेणी घालून, इस्त्रीचं पातळ नेसून मी गेले. अशा माणसाशी बोलायचं म्हणून इंग्रजी वाक्यं पाठ केली होती. फादर बाहेर झाडाला पाणी घालत होते. मी पहिलं वाक्य म्हटलं, तर ते मराठीत म्हणाले, "बसा. चहा घेणार ना?"

मी सगळं सांगितलं. इटली, ओढा, बारसं, मामा, सोमवार. फादरांनी कप खाली ठेवला. "माणमध्ये ब्रेनन? एस.टी. चालवतो?" आणि ते इतके हसले की त्यांना खोकला आला. मग डोळे पुसत म्हणाले, "पण ताई, हे नाव नाही. हे आडनाव आहे."

फौजेत साहेबाला आडनावानंच हाक मारतात, हे तोवर आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आबांनी ऐकलं तेच नाव समजून घरी आणलं होतं. म्हणजे उद्या तिकडच्या एखाद्या बाईनं पाटील नावाच्या शिपायाची आठवण म्हणून आपल्या मुलाचं नाव पाटील ठेवावं, तसं आमचं झालं होतं.

फादर म्हणाले, "थांबा, घाबरू नका. आमची आडनावं कशी झाली ते ऐका." आणि त्यांनी समजावून सांगितलं. फार पूर्वी त्यांच्याकडं ब्रीनान नावाचा एक माणूस होता. त्याच्या वंशातले लोक स्वतःला 'ओ ब्रीनान' म्हणवू लागले. 'ओ' म्हणजे नातू. ब्रीनानचे नातू, पणतू, सगळे. इंग्रजांच्या तोंडात त्याचं ब्रेनन झालं. म्हणजे मुळात ते एका माणसाचं नावच होतं. "हल्ली अमेरिकेत आमचे लोक आडनावं मुलांना नावं म्हणून ठेवतात. तुमच्या आत्याबाईंनी त्यांच्या आधी ठेवलं म्हणायचं."

"आणि अर्थ?"

फादरांनी दुधाचं भांडं उचललं आणि माझ्या चहात जरासं दूध सोडलं. "माझी आई हे असं दूध घालताना म्हणायची, ब्रीन. ब्रीन म्हणजे थेंब. ब्रीनान म्हणजे छोटा थेंब."

मी उठायलाच निघाले होते. तेवढ्यात ते म्हणाले, "पण तुम्ही खरं विचारायला आलात, म्हणून सांगतो. काही जाणकार त्याचा अर्थ दुःख असाही करतात. इतक्या जुन्या नावाचं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही."

ते हे बोलले नसते तर किती बरं झालं असतं. विट्यावरून जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसून मी सगळा रस्ता तेच म्हणत होते. थेंब सांगितला आणि पुढचं गिळलं, तर कुणाला कळणार होतं? फादर काही माणात येणार नव्हते. पण माझ्या दंडावर आत्याचा हात होता. तिनं मला शिकायला पाठवलं ते गोड बोलायला नव्हे.

सोमवारी मामा आले. या वेळी बैठकीला बायकाही होत्या. आई माजघराच्या दारात उभी होती. मी उभी राहून, वर्गात उत्तर देतात तसं सगळं सांगितलं. आडनाव म्हटल्याबरोबर आत्यानं कपाळाला हात लावला.

"आडनाव? म्हंजी मी पोराच्या कानात आख्खी भावकी सांगितली?"

दादालाच पहिलं हसू फुटलं. मग मी ब्रीनानचं सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. "म्हंजी नावाचं आडनाव झालं, आन् हितं येऊन त्येचं पुन्यांदा नाव झालं," ती हळू म्हणाली. "आन् त्यांच्यातबी आज्याचं नाव नातवालाच लागतंय. बरं. अर्थ सांग."

"थेंब," मी म्हणाले. आणि थांबायच्या आत पुढचंही बोलून टाकलं. "काही लोक दुःख असाही अर्थ करतात. नक्की कुणालाच ठाऊक नाही."

मामा पुढं सरकून बसले. "बघा. ज्याची भ्या हुती तेच निघालं. आता भरत म्हना आन् मोकळ्या व्हा, आत्याबाई."

आत्या जागेवरून हलली नाही. मला वाटलं, आता ती उठेल आणि दादाच्या कानाशी जाईल. दादालाही तसंच वाटलं असावं, कारण तो नीट मांडी घालून बसला होता. ती म्हणाली, "पावनं, तुमच्यात हिरीला पानी हाय, द्राक्षं हायती. तुमी थेंब म्हनल्यावर भुईकडं बघितलंसा, सांडलं म्हनून. आता ह्या आमच्या मानसांस्नी बघा. पोरीनं थेंब म्हनल्याबरुबर कुनाचं डोळं कुटं गेलं?"

मी आठवून पाहिलं. खरंच, आमच्यातली दोन-तीन म्हातारी माणसं दारातून आभाळाकडं बघत होती.

"माझ्या भावाच्या नरड्यात त्यो थेंब पडला म्हनून त्यो घरला आला. म्हनून ह्यो पोरगा हाय, म्हनून ही सोयरीक हाय. राह्यलं दुःखाचं. माझं नाव नकुसा हाय. ह्याच्यापरास वाईट अर्थ तुमी मला सांगा. पन ह्या घरात मी नको हुते का न्हवते, त्ये नावाला इचारू नगासा. माझ्या भावजयीला इचारा."

आई पाहुण्यांसमोर कधी बोलायची नाही. त्या दिवशी डोक्यावरचा पदर सारखा करून दारातूनच म्हणाली, "मालक लढाईत हुते तवा वन्संनी हे घर धरून ठिवलं. वन्सं न्हाईत असं ह्ये घर मी एक दिस बघितलं न्हाई. मला बघायचंबी न्हाई."

आत्यानं आईकडं बघितलं नाही. ती पायाच्या नखानं भुई उकरत राहिली.

मामा वाईट माणूस नव्हते. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग त्यांनी मागं वळून आपल्या बहिणीला, लताच्या आईला विचारलं, "काय गं, पोरीला जमंल का उखाण्यात?" ती म्हणाली, "तिनं कवाच जमवलाय. कालपास्नं घोकतीया." सुपारी फुटली.

लग्नात लतानं सगळ्यांसमोर नाव घेतलं, एकदाही न अडखळता:

"द्राक्षाच्या मांडवाला थेंबाची आस,
ब्रेननरावांचं नाव घेते, आत्यांसाठी खास."

मामाच सगळ्यात मोठ्यानं हसले आणि त्यांनी शेजारच्याला अर्थ समजावून सांगायला सुरुवात केली.

पुढच्या वर्षी माझी परीक्षा झाली, निकाल लागला, आणि त्याच सुमारास दादाला मुलगी झाली. दादाला बहीण मी एकटी. त्यामुळं बारशाला वाकायचा मान माझा. आत्या आता थकली होती. भिंतीला धरत पाळण्यापर्यंत आली आणि मला म्हणाली, "ठरवलंस का?"

"ठरवलंय."

"अर्थ?"

"चांगला आहे."

"अगं पन काय त्ये सांग की. अर्थ कळल्याबिगर मी पाळन्याला हात लावू द्यायची न्हाई."

"आत्या," मी म्हणाले, "तुला पाठ आहे तो."

तिला काही कळलं नाही. मी वाकले. माझ्या पाठीत धपाटे पडायला लागले. आईचा, वहिनीच्या आईचा, शेजारणींचे. आत्याचा हात मला न बघताही कळायचा, तोही एकदा सणसणून पडला. मी लेकराच्या कानात कुर्रर्र केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "सगुणा."

बायका कुजबुजल्या. शिकलेल्या पोरीनं हे कसलं जुनं नाव काढलं, हल्ली संगीता ठेवतात, सुनीता ठेवतात. धपाटे मात्र चालूच होते. त्यांतला एक हात पुन्हा उचलला गेला नाही. तो माझ्या पाठीवर नुसता टेकून राहिला, पाळणा म्हणून होईपर्यंत. तिनं मला काही विचारलं नाही, आणि मीही कुणाला काही सांगितलं नाही.

मी पुढं शिक्षिका झाले. शाळेच्या पहिल्या दिवशी हजेरी घेताना प्रत्येक मुलाला नावाचा अर्थ विचारते. ज्याला येत नाही त्यानं घरी विचारून यायचं. वर्गात एखादी नकुसा निघाली तर तिला विचारत नाही. शाळा सुटल्यावर तिच्या घरी जाते, पाणी मागते, आणि तिच्या आईबापांशी बोलत बसते. काही ठिकाणी पाणी मिळतं, काही ठिकाणी नाही. पण नावं बदलली आहेत, आणि आमच्या तालुक्यातल्या बऱ्याच मुलींची आत्या आता मी आहे.

आत्या त्या बारशानंतर आणखी काही वर्षं होती, आणि सुखानं गेली. त्या वर्षांतलं एक सांगते. दादा ड्युटीवरून आला की दारातूनच लेकीला हाक मारायचा, "सगुणेऽ!" पोरगी आधी रांगत, मोठी झाल्यावर धावत यायची. पण ती उंबऱ्यापर्यंत पोचायच्या आधी माजघरातून आत्याचा आवाज यायचा, "ओ!" आई म्हणायची, वन्संना आता नीट ऐकू येत नाही, कुणालाही हाक मारली की ओ देतात.

मी आईला काही म्हणाले नाही. आत्याचे कान शेवटपर्यंत शाबूत होते.